वावरातला जुना ट्रॅक्टर कसा ओळखायचा, पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

जुने ट्रॅक्टर पाहायला निघायचं असेल तर सगळ्यात पहिले रंगाकडे पाहणं सोडा. हे मी सुरुवातीलाच सांगतो कारण गावातले जेवढे नवीन पोट्टे मला मोबाईलवर फोटो दाखवतात ना, "भाऊ, हा पाहा किती जुना", तो बहुतेक वेळा दहा-बारा वर्षांचा, उन्हात उभा राहून पांढरा पडलेला ट्रॅक्टर असतो, आणि त्याच फोटोत मागं कोठ्याजवळ लालभडक उभा असलेला खरा चाळीस वर्षांचा गडी त्यांना दिसलेलाच नसतो. आपल्याकडं विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, छपरी नसली की चार उन्हाळ्यांत कोणताही रंग उडतो. आणि दुसरीकडं असे शेतकरी आहेत जे दर दोन-तीन वर्षांनी दसऱ्याच्या आधी गावातल्या पेंटरकडून पूर्ण ट्रॅक्टर रंगवून घेतात, कंपनीचा रंग मिळाला नाही तर जो मिळाला तो. त्यामुळं रंगावरून वय सांगता येत नाही.

मी ज्या ट्रॅक्टरांबद्दल लिहितोय ते निंबाच्या झाडाखाली टायर काढून विटांवर ठेवलेले नाहीत, आणि प्रदर्शनात पॉलिश मारून उभे केलेले पण नाहीत. जो आजही सकाळी वावरात जातो, दुपारी हडंब्यावर (मळणी यंत्रावर) चालतो आणि अंधार पडता पडता ट्रॉली घेऊन घरी येतो, तो. असे ट्रॅक्टर अजून आपल्या गावोगावी आहेत पण दरवर्षी एक-दोन भंगारात जातात. आमच्याच गावातले तीन माझ्या डोळ्यासमोर गेले आणि एकाचाही धड फोटो कोणाकडं नाही. म्हणून हे लिहितोय, अजून चार जणांनी पाहायला शिकावं, लिहून ठेवावं.

कधी निघायचं

लोकांना वाटतं ट्रॅक्टर म्हणजे नांगरणी, म्हणून ते एप्रिल-मेमध्ये निघतात. नवीन माणसानं असं करू नका. एक तर ऊन, आणि दुसरं म्हणजे खोल नांगरणीचं काम आता जास्त एचपीचे नवीन ट्रॅक्टर पलटी नांगर लावून करतात, जुन्याला त्या कामाला मालक शक्यतो जुंपत नाही. जुना उन्हाळ्यात दिसतो तो पाण्याच्या टँकरला, वरुड-मोर्शी-काटोलकडं संत्र्याच्या बागांना पाणी पोचवताना, नाहीतर शेणखताची ट्रॉली ओढताना.

सगळ्यात चांगला काळ दसरा ते संक्रांत. दसऱ्याला सगळे ट्रॅक्टर धुतलेले असतात, झेंडूचा हार, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आणि धुतल्यामुळं एरवी मातीखाली झाकलेले नंबर वाचता येतात. त्याच दिवसांत सोयाबीन निघतं. हडंबा चालवायला ट्रॅक्टर एका जागी उभा राहून तासन् तास चालवावा लागतो, त्याला चांगले टायर लागत नाहीत, ब्रेक लागत नाही, नुसतं इंजिन दमदार पाहिजे, म्हणून घरात दोन ट्रॅक्टर असले की हडंब्याला हमखास जुना लावतात. तुम्हाला पाहायला आरामात वेळ मिळतो कारण तो कुठं पळत नाही. मग कापूस सुरू होतो. बाजार समितीच्या बाहेर किंवा जिनिंगच्या गेटवर कापसाच्या ट्रॉल्यांची लाईन लागते, हिंगणघाट, वणी, यवतमाळ, अकोट कुठंही जा, पहाटेपासून लाईन असते, आणि लाईनमधला माणूस रिकामा असतो, बोलायला तयार असतो. माझ्या वहीतले निम्म्यापेक्षा जास्त ट्रॅक्टर अशा लाईनमधलेच आहेत.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा धानाचा भाग, तिकडचं गणित वेगळं. तिथं जुलैमध्ये चिखलणीच्या वेळी जायचं. टायरऐवजी किंवा टायरला जोडून लोखंडी चाकं लावलेली असतात आणि चिखलात हलका ट्रॅक्टर बरा पडतो, म्हणून कमी एचपीचे जुने तिथं टिकून आहेत. फक्त ताडोब्याच्या आजूबाजूला, ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडं, भल्या पहाटे किंवा अंधार पडताना एकट्यानं वावराच्या बाजूनं फिरू नका, तिथं वाघ खरंच आहे, गावातला माणूस सोबत घ्या.

जूनमध्ये पेरणीच्या आठ-दहा दिवसांत मात्र कोणाला त्रास देऊ नका. पाऊस पडलेला असतो, वाफसा निघून जाईल म्हणून माणूस जेवण सोडून पेरत असतो, त्याला थांबवून "काका हा कोणत्या सालचा" विचारणं बरोबर नाही.

कुठं शोधायचं

बाजाराची लाईन सांगितलीच. दुसरी जागा म्हणजे तालुक्याच्या गावातलं मिस्त्रीचं दुकान. शोरूमवाल्याचं सर्व्हिस सेंटर नव्हे, तिथं जुना ट्रॅक्टर जात नाही. बसस्टँडच्या मागं, नाहीतर गावाबाहेर नाक्यावर, टिनाचं शेड, खाली जमीन तेलानं काळी झालेली, दारात अर्धा उघडलेला गिअरबॉक्स, तो मिस्त्री. त्याच्याकडं एक चहा घेतला की आसपासच्या वीस गावांत कोणाकडं कोणतं मॉडेल आहे, कोणाचं इंजिन बांधलं, कोणाचा विकायला काढलाय, सगळं कळतं. मिस्त्रीशी ओळख केल्याशिवाय हा नाद पुढं जात नाही.

तिसरी जागा गावातला उतार. हे नीट लक्षात ठेवा. ज्या ट्रॅक्टरचा सेल्फ (स्टार्टर) गेला किंवा बॅटरी काढून टाकली, तो मालक रात्री उतारावर उभा करतो आणि चाकाखाली गोटा लावतो, सकाळी गोटा काढला, गिअरमध्ये टाकून क्लच सोडला की चालू. गावात शिरल्यावर कोणत्या घरासमोर चढ-उतार आहे ते पाहा, आणि चाकाजवळ घासून गुळगुळीत झालेला गोटा दिसला, तर ट्रॅक्टर घरी नसला तरी समजा की इथं एक आहे.

रेती घाटावर मात्र कॅमेरा घेऊन जाऊ नका. तिथं जुने ट्रॅक्टर असतात हे खरं आहे, पण तिथं फोटो काढणाऱ्याकडं कोणी चांगल्या नजरेनं पाहत नाही आणि भांडण व्हायला वेळ लागत नाही.

पहिले कान, मग डोळे

ट्रॅक्टर दिसायच्या आधी ऐकू येतो. पांधणीनं, म्हणजे वावराच्या वाटेनं, जाताना थांबा, मोबाईल खिशात ठेवा आणि ऐका. सगळ्यात सोपा ओळखू येतो तो एका सिलेंडरचा आयशर, २४१ वगैरे. त्याचा ठोका मोजता येतो, ढब, ढब, ढब, स्लोवर असला तर दोन ठोक्यांच्या मधली जागा कानाला कळते. तीन सिलेंडरची मॅसी १०३५ असा वेगळा ठोका देत नाही, ती एकसारखी गुरगुरते. हा फरक एकदा कानात बसला की धुऱ्याच्या (बांधाच्या) पलीकडं तुरीमागं काय चाललंय ते न पाहता सांगता येतं.

पुढची गोष्ट जरा बारीक आहे पण मला ती सगळ्यात आवडते. पंजी (कल्टिव्हेटर) किंवा वखर लावलेला जुना ट्रॅक्टर कडक जमिनीत शिरला की आवाज दबतो, मग गव्हर्नर (इंजिनाचा वेग राखणारा भाग) जास्त डिझेल सोडतो, सायलेन्सरमधून काळा धूर निघतो आणि इंजिन परत सावरतं. हे सावरायला किती वेळ लागतो ते ऐका. चांगल्या इंजिनाचा आवाज लगेच वर येतो. थकलेलं इंजिन दबलेलंच राहतं, ड्रायव्हर हातानं लिफ्ट थोडी उचलून त्याला श्वास घ्यायला जागा देतो. जुन्या ट्रॅक्टरचा जुना ड्रायव्हर हे आवाज दबायच्या आधीच करतो, कारण पुढं जमीन कुठं कडक लागणार हे त्याला माहीत असतं.

धुराचं थोडक्यात सांगतो. लोडवर काळा धूर आला तर घाबरायचं कारण नाही, सारखाच काळा येत असेल तर एअर क्लीनर भरलाय किंवा नोझल, पंपाचं काम आहे. निळसर धूर म्हणजे मोबिल (इंजिन ऑईल) जळतंय, रिंगा घासल्या. सकाळी चालू करताना पांढरा आला आणि गरम झाल्यावर गेला तर ठीक.

कोणता आहे ते कसं ओळखायचं

बोनेटवरचं नाव नेहमी खरं नसतं. एकाचं बोनेट दुसऱ्यावर, जुन्यावर नवीन स्टिकर, हे भरपूर चालतं. म्हणून थोडा इतिहास माहीत पाहिजे, जास्त नाही, एवढाच.

भारतात तयार झालेला पहिला ट्रॅक्टर आयशरचा, जर्मन आयशरच्या मदतीनं, २४ एप्रिल १९५९ ला फरीदाबादच्या कारखान्यातून बाहेर पडला. आयशरचे जुने इंजिन हवेनं थंड होणारे, म्हणजे समोर रेडिएटरच नाही, पाणी भरायची भानगड नाही, सिलेंडरला बाहेरून पट्ट्या पट्ट्या असतात त्यावरून हवा जाते. समोरून पाहिलं आणि रेडिएटर दिसला नाही, तर अर्धी ओळख तिथंच पटली. आयशरचा ट्रॅक्टरचा धंदा २००५ मध्ये टॅफेनं घेतला. तीच टॅफे मद्रासला १९६० साली सुरू झाली आणि मॅसी फर्ग्युसन बनवते, तीन त्रिकोणांचं चिन्ह, आपल्याकडं गावागावात जी १०३५ दिसते ती हिचीच.

महिंद्राची सुरुवात इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया म्हणून १९६३ साली झाली, महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास असे तिघं मिळून, आणि त्यांचा बी-२७५ अजून कुठं कुठं चालतो. १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रात मिसळली. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत महिंद्राचा कारखाना आहे, त्यामुळं आपल्या भागात महिंद्रा जास्त दिसला तर नवल नाही. इथं नवीन लोकांची एक चूक ठरलेली आहे, बी-२७५ आणि २७५ डीआय यांना एकच समजतात. दोन्हीत बरीच वर्षं आहेत. बी-२७५ चार सिलेंडरचा, २७५ डीआय तीनचा. सिलेंडर किती हे कोणत्याही ट्रॅक्टरवर पाहायची सोपी पद्धत सांगतो, बोनेटच्या बाजूनं वाकून पाहा, डिझेल पंपातून हेडकडं जाणाऱ्या बारीक लोखंडी नळ्या मोजा, जेवढ्या नळ्या तेवढे सिलेंडर. ही एक गोष्ट शिकले तरी स्टिकर तुम्हाला फसवू शकत नाही.

फोर्ड म्हणजे एस्कॉर्ट्सनं फोर्डसोबत फरीदाबादला १९७१ पासून बनवलेला ३००० आणि मग ३६००, निळा. ३६०० ची वट आजही आहे, हडंब्याला फोर्ड लावला की मालक निश्चिंत असतो. पुढं फोर्डचं नाव गेलं आणि फार्मट्रॅक आला, म्हणून फोर्डवर फार्मट्रॅकचं बोनेट दिसलं तर गोंधळू नका. एचएमटीनं पिंजोरला १९७१ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरसोबत २५११ पासून सुरुवात केली, सरकारी कंपनी, आणि २०१६ मध्ये सरकारनं तिचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचं ठरवलं. म्हणून चालता एचएमटी दिसला तर त्याची नोंद जास्त काळजीनं करा, त्याच्या पार्टसाठी मालकाला किती फिरावं लागतं ते नक्की विचारा. स्वराज ७२४ तर पूर्ण आपल्या देशातच डिझाईन झालेला, दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत, आणि १९७४ पासून पंजाबात बनायला लागला. मला स्वतःला ७२४ बद्दल फार आदर आहे, बाहेरच्या कोणाचाही नकाशा न घेता उभं केलेलं यंत्र आहे ते.

याच्या आधीचे म्हणजे सोव्हिएत रशियाचे बेलारूस, डीटी-१४, बाहेरून आलेले झेटर. ते चालत्या हालतीत दिसले तर गाडी थांबवाच, पुढचं काम उद्या होईल.

ट्रॅक्टर कुठं कुठं खरं बोलतो

आता मुख्य गोष्ट. जुना असणं आणि राबलेला असणं वेगळं. तीस वर्षांचा ट्रॅक्टर असा पण असतो जो वर्षातून पंधरा दिवस चालला, आणि पंधरा वर्षांचा असा असतो जो भाड्यानं रात्रंदिवस पळाला. तासाच्या मीटरवर विश्वास ठेवू नका, त्याची केबल कधीच तुटलेली असते. ज्या जागी माणसाचं अंग आणि अवजाराचा जोर रोज लागतो त्या जागा पाहा, त्या लपवता येत नाहीत.

पायडलपासून सुरुवात करा. नवीन पायडलवर रबर असतं, नाहीतर लोखंडात खाचा असतात पाय घसरू नये म्हणून. राबलेल्या ट्रॅक्टरचं क्लचचं पायडल चांदीसारखं गुळगुळीत झालेलं असतं, एका बाजूनं जास्त झिजलेलं, कारण डावा पाय रोज त्याच कोनात पडतो. ब्रेकचं पायडल तेवढं झिजत नाही. मी एकदा वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावात मॅसी पाहिली, रंग नवा, टायर नवे, मी जवळजवळ पुढं निघालो होतो. तेवढ्यात क्लचच्या पायडलकडं लक्ष गेलं. त्याच्यावर एक लोखंडाची पट्टी वेल्डिंग करून बसवलेली, आणि तिचा आकार सरळ नव्हता, एका बाजूनं आत खाल्लेली, चंद्रकोरीसारखी. मी वाकून हात लावला, कड अजून धारदार होती. काकाजी बाजूला बिडी ओढत होते, म्हणाले, "वखराची पास हाय ते. बैलं इकले, वखर तसाच पडून होता, मंग त्याच्याच पासेचा तुकडा लावला पायडलले." म्हणजे वखराच्या ज्या लोखंडी पात्यानं, पासेनं, त्यांच्या वडिलांनी बैलाच्या मागं चालत तीच जमीन वखरली, ती पास आता काकाजींच्या डाव्या पायाखाली होती, आणि तिलाही डाव्या बाजूनं पायाची झीज लागलेली होती. मूळ पायडल झिजलं, त्याच्यावर पास आली, आणि आता पास झिजत चालली होती. मीटर नसतं तरी चाललं असतं, सगळा हिशोब त्या एका पट्टीवर होता.

पायडलनंतर मागं जा. ट्रॉली जोडायचं भोक पाहा. नवीन असतं तेव्हा गोल, वर्षानुवर्षं ट्रॉलीच्या ओढीनं ते लांबट होतं, अंड्यासारखं. काही जण त्यात बुश घालून परत गोल करून घेतात, मग वेल्डिंगचा गोल व्रण दिसतो. पिन मूळची आहे की जाड बोल्ट टाकलाय ते पाहा. लिफ्टचे दोन्ही हात हलवून पाहायचे असतील तर मालकाला विचारून हलवा, खडखड वाजत असतील तर पंजी आणि वखर भरपूर ओढलेत.

मग पुढची चाकं. समोर दहा पावलं लांब उभे राहा आणि पाहा की दोन्ही चाकं सरळ आहेत की वरून आत, खालून बाहेर फाकलीत. बुश-पिना घासल्या की फाकतात. स्टेअरिंग थोडं फिरवलं तरी चाक लगेच हलत नाही, ड्रायव्हर सरळ रोडवर पण सारखं स्टेअरिंग इकडून तिकडं करत असतो, दुरून पाहिलं तरी कळतं. मोठ्या टायरवर जे उभे-आडवे जाड पट्टे असतात ते मधोमध सपाट झाले असतील तर रोडवर ट्रॉली जास्त ओढली, आणि कडांना तुटके-कापलेले असतील तर तुराट्या-पऱ्हाट्याच्या खुंटांत फिरलाय. कापसाच्या वावरात पऱ्हाटी कापल्यावर राहिलेले खुंट टायरची वाट लावतात. नवीन रबर चढवलेला टायर असला तर बाजूवरचा साईजचा आकडा, १२.४ बाय २८ असा, अर्धा पुसलेला असतो.

मडगार्डची कड विसरू नका. ड्रायव्हरच्या डाव्या-उजव्या मडगार्डवर माणसं बसतात, बसू नये तरी बसतात, तिथला रंग जाऊन लोखंड पँटच्या घासण्यानं चमकतं. डावी बाजू जास्त चमकत असेल तर घरातला एखादा पोरगा बापाच्या बाजूला रोज तिथंच बसत आलेला असतो, बहुतेक तोच आता चालवत असतो. स्टेअरिंगला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, सीटवर दुमडलेलं पोतं, डिझेलच्या झाकणाच्या जागी चिंधी आणि पन्नी, ही सगळी राबल्याची खूण आहे, घाणेरडेपणाची नाही. हे पाहून हसणाऱ्याला मी दुसऱ्यांदा सोबत नेत नाही.

नंबर आणि कागद

नंबर प्लेट नवीन दिसली तर ट्रॅक्टर नवीन समजू नका, १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना आता महाराष्ट्रात ती नवीन सुरक्षेची प्लेट बंधनकारक केली आहे, त्यामुळं जुन्यालाही चकचकीत प्लेट असते. प्लेट सोडा, नंबर वाचा. आपल्याकडचे कोड पाठ करून टाका, अमरावती २७, बुलडाणा २८, यवतमाळ २९, अकोला ३०, नागपूर ३१, वर्धा ३२, गडचिरोली ३३, चंद्रपूर ३४, गोंदिया ३५, भंडारा ३६, वाशीम ३७, आणि नागपूर ग्रामीणचा ४०. एमएचचे नंबर १९८९ पासून सुरू झाले. त्याच्या आधी तीन अक्षरं असायची, पहिलं अक्षर एम आणि मग आकडे. तसा नंबर चालत्या ट्रॅक्टरवर दिसला तर तुमचा दिवस सार्थकी लागला.

वाशीम जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झाला, म्हणून वाशीमकडच्या गावात एमएच ३० दिसला तर तो जिल्हा होण्याआधीचा असू शकतो किंवा अकोल्याकडून विकत आणलेला, विचारल्याशिवाय कळणार नाही. वणी-पांढरकवड्याकडं एपी ०१ दिसतो, तो आदिलाबादचा. पक्कं साल आरसी बुकात असतं, पण पहिल्या भेटीत आरसी मागू नका, का ते पुढं सांगतो.

मालकाशी बोलणं

सुरुवातीच्या दिवसांत मी यवतमाळ जिल्ह्यात एका धुऱ्यावर उभ्या असलेल्या महिंद्राचा फोटो काढला, आणि सगळ्यात पहिले काढला तो नंबर प्लेटचा. पिकाच्या दोन ओळींमधून एक माणूस पळत आला, हातात विळा तसाच. "काहून भाऊ, कोणाकडून आले तुमी? हप्ता तं भरला ना म्या मागच्या महिन्यात." त्याला वाटलं मी फायनान्सवाला आहे आणि ट्रॅक्टर उचलायला आलोय. घाबरून त्याचा आवाज कापत होता. मी सांगितलं, मोबाईल दाखवला, शेवटी त्यानं पाणी पण पाजलं, पण त्याचा तो चेहरा मी विसरलो नाही. आपल्या भागात कर्ज आणि वसुली काय असते हे वेगळं सांगायची गरज नाही, नंबर प्लेटचा फोटो काढणारा अनोळखी माणूस म्हणजे इथं एकच अर्थ होतो.

म्हणून क्रम असा ठेवा. फोन खिशात. पहिले नमस्कार. मडगार्डवर, ट्रॉलीवर काय लिहिलंय ते वाचा, जय गजानन असेल तर जय गजानन म्हणा, जय भीम असेल तर जय भीम, गडचिरोली-चंद्रपूर-यवतमाळकडं जय सेवा असेल तर जय सेवा, माणसाला बरं वाटतं की यानं वाचलं. वयस्क असले तर काकाजी, मामाजी. मग आपलं गाव सांगा, कोणाच्या ओळखीनं आलो ते सांगा, मिस्त्रीचं नाव इथं कामाला येतं. मग पावसाचं, भावाचं बोला. ट्रॅक्टरचा विषय त्यालाच काढू द्या, तो काढतोच. "घ्याचा हाय का?" असं विचारतील, तेव्हा स्पष्ट सांगा, नाही, जुने ट्रॅक्टर पाहतो आणि लिहून ठेवतो. पहिल्यांदा कोणाला पटत नाही. पण "हा घरी आला तेव्हा तुम्ही किती मोठे होते" एवढं विचारलं की मग थांबत नाहीत. कोणत्या पाडव्याला आणला, आधी कोणाकडं होता, किती बैलजोड्या होत्या, पहिल्या दिवशी कोणी चालवला, हे सगळं निघतं. हे आरसी बुकात नसतं.

किंमत विचारू नका. "एवढा जुना का ठेवला" हे पण नाही. जास्त वेळा त्याचं उत्तर पैसा नाही हेच असतं आणि ते त्याला तोंडानं बोलायला लावू नये.

जीव सांभाळा

हडंबा चालू असताना शाफ्टच्या जवळ जाऊ नका. पीटीओ, म्हणजे हडंबा फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा शाफ्ट, मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ, दुपट्ट्याचं टोक, ओढणी, ढिला शर्ट अडकला की हात काढायला पण वेळ मिळत नाही. जुन्या ट्रॅक्टरच्या शाफ्टवरचं कव्हर बहुतेक निघून गेलेलं असतं. फोटो पाहिजे असेल तर हडंबा बंद होईपर्यंत थांबा, चहाला बंद करतातच. उतारावर गोटा लावून उभ्या ट्रॅक्टरच्या पुढं किंवा मागं बसून फोटो काढू नका. आणि न विचारता कोणाच्याही वावरात शिरू नका, यात शिष्टाचार आहेच पण रानडुकरासाठी काही ठिकाणी धुऱ्यानं करंटची तार लावलेली असते, पहाटे दिसत नाही, त्यात माणसं गेलेली आहेत. पावसाळ्यात काळ्या जमिनीत मोटरसायकल आणूच नका, ती काढायला त्याच जुन्या ट्रॅक्टरला बोलवावं लागेल.

लिहून कसं ठेवायचं

मोबाईलमध्ये नुसते फोटो ठेवले तर सहा महिन्यांनी कोणता कुठला ते आठवत नाही. शाळेची शंभर पानांची वही घ्या, एका ट्रॅक्टरला एक पान. तारीख, गाव, कंपनी आणि मॉडेल, ते कशावरून ओळखलं, नळ्या किती, त्या दिवशी काय काम चालू होतं, काय बदललंय, काय मूळचं आहे, आणि मालक जे बोलला ते शक्यतो त्याच्याच शब्दात. मालकाचं नाव त्यानं लिहा म्हटलं तरच लिहा. गावाचं नाव आणि फोटो कोणाला पाठवायच्या आधी त्याला विचारा, कारण भंगारवाले पण असे फोटो पाहत असतात. पुढच्या वेळी जाताना एक फोटो प्रिंट करून घेऊन जा, तालुक्याला कोणत्याही स्टुडिओत लगेच निघतो.

नमुन्याला माझ्या वहीतलं एक पान देतो, असंच लिहायचं असं नाही.

"दसऱ्यानंतरचा तिसरा दिवस. मॅसी १०३५. नळ्या तीन. बोनेट मूळचं, समोरची जाळी मूळची नाही, घरी सळया लावून केली. स्टेअरिंगला ट्यूब. सेल्फ चालत नाही, घरासमोरच्या उतारावर लावतात. ट्रॉलीचं भोक दोनदा भरून घेतलं. सोयाबीन चालू, हडंबा भाड्याचा, ट्रॅक्टर घरचा. धूर फक्त लोडवर. क्लचच्या पायडलवर वखराची पास, डाव्या बाजूनं झिजलेली. काकाजी म्हणाले, आता अजून एक पास घरी पडून हाय, हे घासली का ते लावतो."